राजखेकडा आणि त्याचे कामगार

कामचाटकाच्या थंड समुद्रातील ‘राजखेकडा’ हा खरा खेकडा नव्हेच. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या, आपल्या किनाऱ्यावरही दिसणाऱ्या खेकड्याचा तो भाऊबंद. नारळखेकडाही त्याच कुळातला. खऱ्या खेकड्याच्या, नांग्या धरून, पायांच्या पाच जोड्या दिसतात, याच्या चारच. पाचवी इवलीशी जोडी कवचाखाली दडलेली असते. मादीचे पोट आजही एका बाजूस वाकडे असते. ती पूर्वजांच्या शंखवासाची खूण. 1992 साली जनुकांच्या अभ्यासानेही हे नाते दाखवून दिले.

1920 नंतरच्या दशकात जपानी भांडवलदारांनी याच खेकड्यासाठी जहाजांवर कारखाने थाटले. समुद्रातच पकडायचे, उकडायचे, डब्यांत भरायचे. या मजुरांची कहाणी ताकिजी कोबायाशी या बँकेतल्या नोकरदाराने 1929 साली ‘कानिकोसेन’ या कादंबरीत लिहिली. तो दाखवतो की, हा कारखाना म्हणून जहाजाचा कायदा लागू नाही, आणि समुद्रावर म्हणून कारखान्याचाही नाही! तेथला संप नौदलाने मोडला. पुढाऱ्यांना वेगळे काढता आले म्हणूनच तो मोडला, हे ओळखून मजूर पुन्हा सारेच एकदम उभे राहतात. कोबायाशी मात्र 1933 साली पोलिसांच्या छळाने मेला. वय अवघे 29.

2008 साली जपानातील हंगामी व कंत्राटी तरुणांनी हे पुस्तक पुन्हा उचलून धरले. आम्हाला त्याचे नवल वाटत नाही. कंत्राटदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते हा माणूस आमचा नव्हे, हे आम्ही गेटावर नेहमीच ऐकतो. श्रोतेहो, प्राणिशास्त्रात नाव बदलले तरी नाते लपत नाही. कायद्यातही ते लपू देता कामा नये.