जाड्या डोंगराखालचे तळे

पाणी जपून प्या. इथे ते पिंपांत भरून खेचरांच्या पाठीवरून वर येते आणि पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. साल १८७३. तुम्ही कॅलिफोर्नियाच्या इन्यो पर्वतरांगेत, सुमारे २,६०० मीटर उंचीवर, सेरो गोर्डोला उभे आहात. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ ‘जाडा डोंगर’. पाब्लो फ्लोरेस आणि त्याच्या मेक्सिकन सोबत्यांना १८६५ साली इथे चांदी सापडली. खाण आणि भट्ट्यांची मालकी आता व्हिक्टर ब्योड्री आणि मॉर्टिमर बेलशॉ यांच्या हाती आहे. पहिल्यांदा घण मारणाऱ्यांचे नाव मागे पडले, हे मला अजून खटकते.

पायाजवळचा तो खडा उचला. मुठीएवढाच, पण हात खाली ओढतो. करडा, चकचकीत, फोडलात तर चौकोनी तुकडे पडतील. हे गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज. चांदी याच्याच पोटात असते. भट्टीकडे जाताना वारा पाठीवर घ्या. तो धूर शिशाचा आहे आणि भट्टीवरचा माणूस रोज तोच छातीत भरून घेतो. उतारावर बघा, नुसते बुंधे उरलेत. पिन्यन पाइनची झाडे लोणाऱ्यांनी तोडली, त्यांचा कोळसा याच भट्ट्यांत गेला.

आता खेचरांच्या मालगाडीवर बसा. बेलशॉने बांधलेल्या या घाटाचा टोलही तोच घेतो. दगड पिवळे, म्हणून नाव यलो ग्रेड. चाके साखळीने जखडून गाडी दीड हजार मीटर खाली उतरते. समोर सिएरा नेवाडाची बर्फाळ भिंत, पायथ्याशी ओवेन्स तळे, आणि तळ्यात ‘बेसी ब्रेडी’ नावाची वाफेची बोट. वाळवंटात आगबोट! तळ्याला वळसा घालायला गाड्यांना काही दिवस लागत. ही बोट तीन-एक तासांत पैलतीर गाठते.

पैलतीरी मात्र सगळे तुंबले आहे. भट्ट्या चांदी-शिशाच्या लगडी ओततात, पण त्या वाहायला पुरेशी खेचरे नाहीत. एकेक लगड जवळपास ३८ किलोची. उचलून बघा, पाठ धरेल. माणसांनी त्याच रचून भिंती उभ्या केल्यात, वर कापड ताणून आत संसार मांडलाय. चांदीच्या भिंतींआडची ती झोप कशी असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. यंदाच रेमी नादो आपले तांडे घेऊन परततो आणि लगडी तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या लॉस एंजेलिसकडे निघतात. तेव्हा ते जेमतेम सहा-सात हजार वस्तीचे गाव. या तांड्यांसाठी चारा, धान्य, सामान पुरवतापुरवता तिथली पेठ फुगली.

काठावर तसेच उभे राहा आणि वर्षे सरू द्या. १८७० चे दशक संपतासंपता भट्ट्या थंडावतात. विसाव्या शतकात जस्तासाठी काही काळ पुन्हा गजबज होते. १९१३ साली लॉस एंजेलिसचा जलमार्ग सुरू होतो आणि या तळ्याला मिळणारी ओवेन्स नदी वळवली जाते. पाणी तुमच्या पायांपासून मागे सरकत जाते. १९२६ च्या सुमारास तळे कोरडे पडते.

जिथे बोट चालली, तिथून खारट धूळ उठते आणि खोऱ्यातल्या माणसांच्या छातीत जाते. त्यांनी वर्षानुवर्षे भांडून न्याय मिळवला. ती धूळ बसवण्यासाठी आज लॉस एंजेलिसलाच तळ्याच्या पात्रात पाणी सोडावे लागते.