गिझरचे थेंब का पडतात?

आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब कधी घट्ट बंद नसे. तापून फुगलेल्या पाण्याला आणि वाफेला वाट असे. गिझरची टाकी मात्र बंद असते. मग त्यातला दाब जाणार कुठे?

या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक बंद भांडे दाखवले. त्यात हाडेसुद्धा मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप वापरली. दाब वाढला की ती उचलली जाई. आपल्या कुकरची शिट्टी त्याच घराण्यातली. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही तसाच, फक्त वजनाऐवजी त्यात स्प्रिंग असते.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले, की सुमारे पाव लिटर फुगते. मागे जायला वाट नसेल, तर तेवढे पाणी व्हॉल्व्हमधून ठिबकते. ‘गळतंय’ म्हणून तिथे बूच मारू नका, नळी बांधू नका. तसे केल्यास टाकी फुटू शकते. नळी उतरती, तोंड उघडे आणि मोरीकडे ठेवा. गिझर बंद असतानाही धार थांबत नसेल, तर मात्र प्लंबरला बोलवा.