चूल, पंगत आणि उपकारस्तुती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि तरवारी उभ्या राहतात. पटवर्धनांच्या मुलुखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते साहजिकच आहे. परंतु आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्याचे रणांगण चार हात लांब आणि तीन हात रुंद एवढेच आहे. ते म्हणजे आपल्या घरातील स्वयंपाकघर. मराठी ख्रिस्ती घरातील अन्न आणि त्या अन्नाबद्दलची कृतज्ञता हा माझा विषय आहे.

हा विषय माधवनगरात कशाला, असे कोणी विचारील. माधवनगराहून सांगली ओलांडून मिरजेच्या वाटेला लागले की वानलेसवाडी लागते. ज्यांच्या नावाने ती वाडी ओळखली जाते ते डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशी आले. प्रथम त्यांनी सांगलीत दवाखाना चालविला आणि पुढे १८९४ साली मिरजेचे मिशन इस्पितळ उघडले. त्या इस्पितळाची थोरवी या भागात कोणाला सांगावी लागत नाही. पण त्या काळच्या समाजाची एक मौज पाहा. परधर्मी वैद्याच्या हातचे औषध घ्यायला शास्त्राची आडकाठी नव्हती. त्याच्या हातचा भात मात्र धर्म बुडवीत असे. मनुष्याचे पोट चिरण्यापर्यंत परक्याला मुभा होती, ते भरण्याची नव्हती!

म्हणूनच आपल्याकडे धर्मांतराचा खरा प्रश्न देवळात किंवा चर्चमध्ये उभा राहिला नाही. तो चुलीपाशी उभा राहिला.

याची दोन उदाहरणे देतो. एक दूरचे, एक जवळचे. गोव्यात धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’चा, अंमल होता. त्या सभेने १७३६ साली एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांना हिंदूंच्या अनेक चालीरीती मना केल्या. त्यांत भात शिजवताना मीठ न घालण्याची हिंदूंची रीतही होती. ज्या गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले आणि ख्रिस्ती भक्तीला मराठी वळण दिले, त्याच गोमंतकात सव्वाशे वर्षांत भाताचे मीठ हा राज्यकर्त्यांच्या चौकशीचा विषय झाला. मीठ घातले की ख्रिस्ती, न घातले की पाखंडी.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी काही प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. गोव्यात सत्तेने भात तपासला, पुण्यात समाजाने चहा तपासला. ताटाकडे कृतज्ञतेने पाहावे असे दोन्हीकडे कोणाला सुचले नाही. दोन्हीकडची दृष्टी पहारेकऱ्याची होती.

या पहाऱ्यातून वाट काढली ती दोन मराठी स्त्रियांनी.

पहिल्या पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. रानातली पाने खाऊन दिवस काढावे लागले. आधी वडील गेले, मग आई अंथरुणाला खिळली. त्या प्रसंगाची आठवण रमाबाईंनीच पुढे लिहून ठेविली आहे. आईला भाकरी हवी होती. सोळा वर्षांची विदुषी मुलगी, संस्कृत श्लोक मुखोद्गत, पण भीक मागण्यास जीभ रेटेना. शेवटी एका ब्राह्मण गृहिणीच्या दारी जाऊन तिने बाजरीच्या भाकरीचा लहानसा तुकडा मागितला. त्या माउलीने तो मायेने दिला, दोन गोड शब्दही बोलली. रमाबाईंचा कंठ असा दाटला की आभाराचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तुकडा घेऊन त्या आईकडे धावल्या. आईच्या अंगी तो खाण्याचीही शक्ती उरली नव्हती.

श्रोतेहो, हा न उच्चारलेला आभाराचा शब्द ध्यानात ठेवा. रमाबाईंचे पुढचे आयुष्य त्या एका शब्दाचा विस्तार आहे, असे मला वाटते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मांसाहार पत्करला नाही. ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा खाण्यापिण्याचा वाद आढळतो. श्रद्धा बदलली म्हणून जेवण बदललेच पाहिजे हा आग्रह बाईंना मान्य नव्हता. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. तेथेही विधवा मुलींना आपापले सोवळे आणि आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. अण्णासाहेब कर्व्यांची पत्नी पुढे ज्या झाल्या त्या आनंदीबाई याच सदनातल्या. १८९३ साली धर्मांतराचा गवगवा होऊन पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. टीकेत तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसत, आणि त्या प्रार्थनेचा परिणाम होत असे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो भुकेलेल्या मुली घेऊन परतल्या. केडगावला उजाड जमिनीवर विहिरी खणल्या, शेत धरले, आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या आणि तेथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय हे ज्यांनी लग्नघरी एक दिवस आचाऱ्याजवळ उभे राहून पाहिले आहे त्यांनाच कळेल. हे लग्न रोजचे होते. दळणे, कांडणे, पाणी शेंदणे, भाकरी थापणे ही सारी कामे मुलीच करीत, आणि जेवणापूर्वी देवाचे आभार मानीत. ज्यांनी काल झाडाची पाने ओरबाडली होती त्यांच्या तोंडी तो शब्द उपचाराचा राहिला नसेल.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रमाबाईंना अन्नाच्या अभावाने घडविले, लक्ष्मीबाईंना अन्नाच्या विटाळाने. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते घर विसरता येणार नाही. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी त्या पतीकडे राहावयास आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, छप्पर एक आणि स्वयंपाक वेगळा. तो स्वयंपाक वेगळा ठेवण्याची टिळकांनी त्यांना मुभा दिली, ही गोष्ट फार मोलाची आहे. वादविवादाने बाईंचे मन वळले नाही. त्यांनी आपल्याच मनाशी विचार केला की माणसांत उच्चनीच देवाने केले की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न घेण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. माझ्या मते त्यांचा खरा बाप्तिस्मा आधीच, चुलीपाशी, झाला होता.

पुढे त्यांच्या नगरच्या घराला दारच राहिले नाही. रोगी आले, पोरकी मुले आली, कवी आले. बालकवी ठोमरे हे त्या घरी मुलासारखे राहिले आणि धर्म न बदलता राहिले. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आलेल्याला जेवू घालण्याचे वचन ते देत आणि ते पाळण्याची जबाबदारी बाईंवर येई. १९१७ साली तर टिळकांनी मिशनचा पगार सोडला, आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ थाटला. देवाच्या दरबारालाही तांदूळ लागतातच! टिळकांनी अभंग आणि स्तोत्रे लिहून देवाचे आभार मानले; लक्ष्मीबाईंनी रिकाम्या डब्यातून चार पाने वाढून मानले. यांतले कोणते आभार अधिक अवघड, ते येथे बसलेल्या भगिनींना विचारावे.

आता या दोघींच्या उदाहरणावरून मराठी ख्रिस्ती घराच्या रोजच्या जेवणाकडे वळू. आपल्याकडच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबाचे ताट तुमच्या-आमच्यासारखेच, शाळूची भाकरी, पालेभाजी, आमटी, ठेचा. नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आपल्या दिवाळीच्या फराळाचे सख्खे भावंड. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तीत रोजच्या अन्नाची मागणी आहे, आणि मराठीत आली तेव्हा त्या अन्नाला भाकर हाच शब्द मिळाला. प्रभुभोजनातही तीच भाकर. पॅलेस्टाइनची गव्हाची रोटी मराठीत येताच आमच्या तव्यावरची झाली. जेवणापूर्वी जे आभार मानायचे त्याला ही मंडळी ‘उपकारस्तुती’ म्हणतात. समर्थांच्या नावाने चालत आलेला जेवणाच्या वेळचा श्लोक म्हणणाऱ्यांना या शब्दात परके काही वाटू नये.

वसई आणि मुंबईकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांत ‘आगेरा’ नावाचा सण आहे. नव्या भाताच्या लोंब्या कापून वाजतगाजत देवळात न्यायच्या, आशीर्वाद घ्यायचा, मग ते धान्य घरी आणायचे. कोकणात आपणही नवान्न करतो, दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधतो. शेतकऱ्याच्या कृतज्ञतेला देवाचे नाव कोणतेही असो, लोंबी एकच असते.

मग नव्या श्रद्धेने बदलले काय? बदलली ती पंगत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन सालांच्या मधल्या काळात अनेक ख्रिस्ती घरांतून एका रांगेत बसून जेवण्याचा प्रयोग मुकाट्याने चालू होता. तो सगळीकडे साधला असे नाही. जात चर्चच्या बाकांवरही जाऊन बसली आणि सोयरिकीच्या वेळी तर तिने आपले आसन सोडलेच नाही, हे खुद्द ख्रिस्ती सुधारकांनीच बोलून दाखविले आहे.

शेवटी एक कठीण गोष्ट बोलतो. या लोकांना पिढ्यान् पिढ्या एक टोमणा ऐकावा लागला की हे पोटासाठी बाटले. दुष्काळात धान्याच्या आशेने मिशनच्या दारी गेलेले लोक होते आणि सुकाळ येताच परतलेलेही होते. ते नाकारण्याचे कारण नाही. पण टोमणा मारणाऱ्याने एवढे आठवावे की भुकेल्याने ज्या दारी भाकरी मिळाली त्या दाराकडे पाहिले, हा त्याचा अपराध असेल, तर ज्या दारांनी त्याला पायरीपाशीच थांबविले त्यांचा अपराध केवढा? आणि जेवू घालणाऱ्यानेही आठवावे की भाकरीच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली तर ती भाकरी बाजारची होते. कृतज्ञता जाहीरनाम्याने येत नाही, ग्रामण्यानेही येत नाही. गोव्याच्या सभेला ती भाताच्या मिठात सापडली नाही.

ती सापडते एखाद्या अनोळखी दारात. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांनी केलेले बायबलचे सोप्या मराठीतले भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. केडगावचे काम आजही चालू आहे. मात्र बाजरीचा तुकडा देणाऱ्या त्या ब्राह्मण गृहिणीचे नाव गाव आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे नाही. तिने कोणाचा धर्म विचारला नाही आणि कोणाचा बदलला नाही. तिच्या घरी त्या दिवशी एक तुकडा कमी झाला. त्याची परतफेड पुढे पंचवीस वर्षे केडगावच्या चुलींवर होत राहिली. एका हिंदू चुलीवरची ती भाकरी एका ख्रिस्ती घरच्या उपकारस्तुतीत अशी मिसळून गेली आहे की आज ती वेगळी काढता येणार नाही. आणि काढूही नये.