मरुतला न मिळालेले इंजिन

चंद्रपूरकरांना टर्बाइन म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. दुर्गापूरच्या बाजूस वीजकेंद्राची धुराडी दिसतात, तेथे १९८३ पासून कोळशाच्या आचेवर वाफ करून पाती फिरविली जात आहेत. ती वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसची. आज ज्या टर्बाइनची हकीगत सांगावयाची आहे, त्याला वाफ लागत नाही. हवा आत ओढावयाची, दाबावयाची, तीत इंधन जाळावयाचे आणि त्या तप्त वायूने पाती फिरवावयाची, एवढाच त्याचा कारभार. पण पात्यांनी मिळविलेल्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक, हवा दाबण्यातच खर्ची पडते. शिल्लक वाढवावयाची तर हवा अधिक दाबली पाहिजे, वायू अधिक तापविला पाहिजे. आणि तापविला की पाती टिकत नाहीत. सगळे घोडे इथेच पेंड खाते. इंग्लंडात जॉन बार्बरने या यंत्राचे पेटंट १७९१ सालीच घेतले होते. शक्ती शिल्लक टाकणारे यंत्र नॉर्वेच्या एलिंगला साधले ते १९०३ साली!

पुढे जर्मनीत गोटिंगेनला शिकलेल्या हान्स फॉन ओहाइनच्या इंजिनावर पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. त्याच गोटिंगेनला, त्याच वर्षांत, प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली गडहिंग्लजकडील विष्णु माधव घाटगे वायुगतिशास्त्र शिकत होते. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात त्यांनी १९५१ साली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान उडविले, १९६४ साली ‘किरण’. दोन्ही विमाने आपली; इंजिने मात्र विलायती.

ही उणीव खरी बोचली ती ‘मरुत’च्या वेळी. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बांधलेले हे लढाऊ विमान १९६१ साली उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेग गाठावा ही अपेक्षा होती. त्यासाठी योजलेल्या अधिक जोरदार ऑर्फियस इंजिनाचा खर्च ब्रिटिशांनी सोडून दिला आणि आपणही उचलला नाही. ही काटकसर, माझ्या मते, फार महागात पडली. जुन्याच ऑर्फियसच्या जोडीवर विमान ध्वनीच्या वेगाशी अडखळले. इजिप्तमध्ये तयार होणाऱ्या इंजिनाची आशा धरली, तीही १९६७च्या युद्धानंतर मावळली. शेपटाकडे जादा इंधन जाळून जोर वाढविण्याचा प्रयत्न बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने केला. तशा एका विमानाच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांना मृत्यू आला. अशा अपुऱ्या विमानांनीही १९७१ साली राजस्थान आघाडीवर कामगिरी बजावली, हे विसरता येत नाही.

त्याच संस्थेकडे १९८९ साली ‘कावेरी’ इंजिन सोपविले गेले. ते वजनाने जड आणि जोराने कमी ठरले. २००८ साली ‘तेजस’पासून त्याची फारकत झाली. तेजस २००१ साली उडाले होते तेही अमेरिकन इंजिनावर.

अडचण पुन्हा पात्याचीच. गडचिरोलीत सुरजागडला लोखंडाचे डोंगर आहेत. पण या पात्याला निकेलची मिश्रधातू लागते. निकेल १४५५ अंशांवर वितळते आणि आजच्या लढाऊ इंजिनात पात्यावर येणारा वायू त्याहूनही तप्त असतो! म्हणून पाते आतून पोकळ ठेवून त्यात हवा खेळवितात, आणि सबंध पाते एकाच स्फटिकाचे ओततात. ही विद्या ज्यांच्याजवळ आहे ते ती सहसा विकत नाहीत. हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने २०२१ साली हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या हाती दिली.