धातूंवरील आघातभार

वेगवान टक्कर किंवा स्फोट यांमुळे धातूवर अवघे काही मायक्रोसेकंद टिकणारा प्रचंड दाब येतो. त्याला आघातभार म्हणतात. सावकाश वाढवलेल्या भाराला सगळ्या तुकड्यात पसरायला सवड मिळते. आघातात मात्र दाब तरंगाच्या रूपाने पुढे सरकतो आणि तो पोचेपर्यंत पलीकडच्या धातूला धक्क्याचा पत्ताही नसतो. धातूचे पुढचे सारे वागणे समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये टांगलेल्या लोखंडी तारेच्या खालच्या टोकाला वजन आदळवले, तेव्हा तार पुष्कळदा वर, जखडलेल्या टोकाशी तुटली. तिथून परतणारा तरंग येणाऱ्या तरंगात मिसळून ताण दुप्पट करतो. त्यांचे पुत्र बर्ट्रम यांनी पोलादी पाटाच्या एका अंगाला गनकॉटनचा स्फोट केला, तर दुसऱ्या अंगाचा पापुद्रा सुटून उडाला. मोकळ्या पृष्ठभागावर दाबाचा तरंग ओढीचा होऊन परततो, आणि ही ओढ धातूला आतून फाडते. चिलखताला भोक न पाडता आतल्या माणसांना इजा करणारे तोफगोळे याच तत्त्वावर चालतात.

दाबाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण : तांब्याचा पत्रा सेकंदाला १ किमी. वेगाने तांब्यावरच सपाट आदळला, तर सुमारे २१ गिगॅपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब निर्माण होतो.

आघाताने धातू ठिसूळ होतो, हा समज अर्धाच खरा आहे. स्फटिकांतील स्थानभ्रंशांना (अणूंच्या मांडणीतील सरकत्या दोषांना) सरकायला वेळ न मिळाल्याने बहुतेक धातू उलट अधिक बळकट ठरतात. पण विरूपणाची उष्णताही बाहेर पडू शकत नाही. ती अरुंद पट्ट्यांत साठते, तिथला धातू मऊ पडतो आणि घसरतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूंत हा धोका विशेष.

लोखंडाची गोष्ट सर्वांत विलक्षण. १९५६ मध्ये बँक्रॉफ्ट, पीटरसन व मिन्शॉल यांनी लोखंडातील आघात तरंग सुमारे १३ गिगॅपास्कलला दुभंगतो, हे दाखवले. त्या दाबाला अणूंची घनाकार मांडणी बदलून षट्कोनी होते. दाब ओसरताच मूळ मांडणी परत येते. तरी पोतात खूण उरते. लोहउल्कांमधील अशा खुणांवरून त्यांच्या मूळ पिंडांनी सोसलेल्या टकरींचा जोर अजमावला जातो.