एका गुणाचं विजेतेपद : 2008 च्या फॉर्म्युला वनचा वाद

2 नोव्हेंबर 2008. साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर फॉर्म्युला वन हंगामाची शेवटची शर्यत ब्राझीलच्याच फेलिपे मासाने जिंकली आणि काही सेकंद तो विश्वविजेताही होता. फेरारीच्या गॅरेजमध्ये उड्या मारणं सुरू असतानाच मागे मॅकलारेनच्या लुइस हॅमिल्टनने अखेरच्या वळणांवर टोयोटाच्या टिमो ग्लॉकला गाठलं आणि त्याला हवा असलेला पाचवा क्रमांक मिळवला. हॅमिल्टन 98, मासा 97. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली अशी ओरड तेव्हा झाली, पण तीत काही दम नाही. पाऊस वाढला होता आणि ग्लॉकच्या गाडीला कोरड्या रस्त्याचे टायर होते, इतकंच.

खरी उलथापालथ त्याआधीच्या तीन महिन्यांत झाली होती. तेव्हा पहिल्याला 10, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6 गुण मिळत. 3 ऑगस्टला हंगेरीत मासा आघाडीवर होता, तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि इंजिनाने दगा दिला. हातातले 10 गुण गेले.

स्पर्धेचा लाभही त्याला झाला. 7 सप्टेंबरला बेल्जियममध्ये स्पा सर्किटवर शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टन आणि फेरारीचा किमी रायकोनेन यांची झुंज लागली होती. हॅमिल्टनने वळण कापलं, पुढे निघाला, नियमाप्रमाणे रायकोनेनला पुढे जाऊ दिलं आणि लगेच पुढच्याच वळणावर पुन्हा मागे टाकलं. जागा परत दिली, पण फायदा परत दिला का, हा प्रश्न होता. मॅकलारेनचं म्हणणं, आम्ही शर्यत नियंत्रण कक्षाला विचारलं होतं आणि जागा परत दिल्याचं मान्य झालं होतं. पंचांनी मात्र शर्यतीनंतर 25 सेकंदांचा दंड केला. हॅमिल्टन पहिल्यावरून तिसरा, मासा दुसऱ्यावरून पहिला. अपील झालं, पण अशा दंडावर अपील चालतच नाही म्हणून फेटाळलं गेलं. मूळ मुद्द्याचा निवाडा झालाच नाही. तो दंड नसता तर बाकी निकाल तेच धरून अंतिम आकडा 102 विरुद्ध 95 असा दिसला असता.

मग 28 सप्टेंबरचं सिंगापूर, फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. मासा सर्वांत पुढून सुटला होता. रेनोचा नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला, सेफ्टी कार आली. त्या काळच्या नियमानुसार सेफ्टी कार येताच पिट लेन काही वेळ बंद व्हायची, त्यामुळे ती उघडल्यावर आघाडीच्या गाड्या एकदमच आत शिरल्या. गाडी सोडण्यासाठी बाकीचे संघ काठीवरची पाटी घेऊन माणूस उभा करत. फेरारीने दिवे लावले होते. इंधनाची नळी टाकीत असतानाच हिरवा दिवा लागला. मासा निघाला आणि नळी उपटून पिट लेनच्या टोकापर्यंत फरफटत घेऊन गेला. मेकॅनिक धावत गेले, नळी ओढून काढली, तोवर तो शेवटी गेला होता. वर दुसऱ्या गाडीच्या वाटेत सोडल्याबद्दल दंड म्हणून पिट लेनमधून एक चक्कर. तेरावा क्रमांक, शून्य गुण, हॅमिल्टनला 6. गंमत अशी की महिनाभर आधी व्हॅलेन्सियात फेरारीने मासाला असंच विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाच्या गाडीसमोर सोडलं होतं, तेव्हा 10 हजार युरोंवर भागलं आणि त्याचा विजय कायम राहिला.

सिंगापूर जिंकली पिकेचा संघसहकारी फर्नांडो अलोन्सोने, पंधराव्या जागेवरून सुटून. तो अपघाताच्या जरा आधीच पिटस्टॉप उरकून बसला होता. योगायोग म्हणून लोकांनी ते सोडून दिलं. 2009 मध्ये रेनोने पिकेला काढलं तेव्हा त्याने सांगितलं की गाडी आदळण्याचा हुकूम संघाचाच होता. एफआयएने रेनोला स्थगित बंदी, संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरेंना बेमुदत आणि पॅट सायमंड्स यांना पाच वर्षांची बंदी दिली. दोघांवरची बंदी जानेवारी 2010 मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने रद्द केली. निकालाला मात्र कुणी हात लावला नाही. ती शर्यत रद्द धरली तर हिशेब मासा 97, हॅमिल्टन 92 असा होतो.

नळीची चूक फेरारीची, हे मासाही नाकारू शकत नाही. शिवाय त्याच हंगामात सिल्व्हरस्टोनच्या पावसात त्याने स्वतःच गिरक्यांवर गिरक्या घेतल्या होत्या. पण 2023 मध्ये फॉर्म्युला वनचे माजी सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन एका मुलाखतीत बोलून गेले की अपघात ठरवून केल्याचं आपल्याला आणि एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांना 2008 मध्येच कळलं होतं. पुढे आपल्याला ते बोलणं आठवत नाही असंही ते म्हणाले. 2008 मध्येच कळलं असेल, तर गुणतालिका पक्की होण्याआधी चौकशी का झाली नाही, हा मासाचा सवाल. 2024 मध्ये त्याने लंडनच्या हायकोर्टात एकलस्टन, एफआयए आणि फॉर्म्युला वन व्यवस्थापनावर दावा लावला. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायाधीशांनी कट केल्याच्या आरोपाचा भाग पुढे चालू दिला. विजेतेपद मासाचंच होतं असं जाहीर करण्याची मागणी फेटाळली.