ओतूरचं पत्र आणि उशाखालची भाकरी

आम्ही पिंपरी पेंढारच्या बचत गटाच्या बाया. आजचं बोलणं भाकरीचं आहे, आणि ते सुरू झालं एका भांडणापासून.

परवाच्या बैठकीत वसुलीचा हिशेब मांडला होता. तेवढ्यात एकीनं डोळ्याला पदर लावला. तिची पोरगी अकरावीला आहे. वर्गात कुणीतरी तिला 'जाडी' म्हणालं, तेव्हापासून पोरीनं भाकरी सोडली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री 'भूक नाही'. अडीच महिने हे असंच. ऐकून कोपऱ्यातल्या आजी उसळल्या, "आम्ही मिलो खाऊन दिवस काढले, आन् हिला घरची बाजरी नको? दोन दिवस जेवायला घालू नका, येईल वळणावर!" पोरगी दारातच उभी होती. ती रडत निघून गेली. मग आजींची सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तरी कुठं नीट जेवता? शिळा तुकडा संपल्याशिवाय ताजी भाकरी घेत नाही. आणि डब्यात भाकरी ठेवून तो डबा उशाखाली घेऊन झोपता."

हिशेब तसाच राहिला. आम्हाला वाटलं, भाकरी नको म्हणणारी नात आणि भाकरी लपवणारी आजी, दोघींचं दुखणं काही फार वेगळं नाही. हे आलं कुठून, म्हणून आम्ही मागं मागं जात गेलो, ते थेट ओतूरला पोचलो.

ओतूर आपल्याला परकं नाही, याच कल्याण-नगर रस्त्यावरचं गाव. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. शाळेच्या सावित्रीबाई सगळ्यांना ठाऊक आहेत. भर दुष्काळात जुन्नर तालुक्यात मुक्काम ठोकून राहिलेल्या सावित्रीबाई आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीतच नव्हत्या. पत्रात त्या सांगतात की १८७६ साल सरलं तरी दुष्काळ सरला नाही. जनावरं मरतायत, माणसं गाव सोडून निघालीत, सावकारांनी अडलेल्यांना नाडलंय. दंगे झाले आणि पोलिसांनी पन्नासेक सत्यशोधक कार्यकर्ते धरले. कलेक्टरानं सावित्रीबाईंना बोलावलं, तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं की या माणसांना कशासाठी पकडलं. माणसं सुटली. शिवाय कलेक्टरानं चार बैलगाड्या ज्वारी पाठवली.

त्या चार गाड्यांची किंमत कळायला त्या वेळचा सरकारी हिशेब माहीत हवा. दुष्काळी कामावरच्या मजुराला जगायला किती लागतं, हे ठरवायचं काम सर रिचर्ड टेंपल या साहेबाकडं होतं. त्यानं माप ठरवलं दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. खडी फोडायची, माती वाहायची, आणि घ्यायचं एवढंच. बाईला पुरुषापेक्षा कमी! मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ते माप नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. मद्रासचे सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही सांगितलं की नुसत्या एवढ्या धान्यावर माणूस कामावर दिसतो खरा, पण आतून झिजत जातो. त्या दुष्काळानं हिंदुस्थानात पन्नास लाखांवर माणसं गेली. टेंपल पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला, तो भाग निराळा.

त्याच वर्षी सत्यशोधक समाजानं धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळातल्या पोरांना जेवू घातलं. दोन्हीकडं अन्नच, पण टेंपलच्या मापात माणूस किती कमीवर तगतो ते पाहिलं जातं, आणि बालाश्रमात पोराचं पोट भरलं का ते पाहिलं जातं. बायांच्या ताटाला आपल्या घराघरांत अजून यातलं कोणतं माप लागतं, ते ज्याच्या त्याच्या चुलीनं सांगावं.

आता आजींचं बहात्तर. पाऊस पाठोपाठ हुकला आणि १९७२-७३ ला महाराष्ट्र करपला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, त्यात बायांची संख्या फार मोठी. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. रेशनला अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. कामावर सुकडी मिळायची. आजी तेव्हा सोळा वर्षांच्या, नवं लग्न झालेल्या. त्या सांगतात, "मिलोची भाकरी थापताना तुटायची, गिळताना टोचायची. सासरे, दीर, पोरं जेवली की उरलेल्या तुकड्यात मी न् जाऊ. सुकडी पदरात बांधून आणायचे, ती पण पोरांना. मला वाटायचं, मला भूकच कमी लागते." हे शेवटचं वाक्य आमच्या मनात रुतून बसलं. भूक कमी नव्हती. ती नाही म्हणायची सवय लावून घेतली होती.

सरकार त्यातून काही शिकलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, म्हणजे सावित्रीबाईंच्या पत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यात बाईला आणि पुरुषाला कामाचा दर सारखा ठेवला. मजुरी सारखी झाली. घरातलं ताट मात्र कायद्यात बसत नाही.

उशाखालच्या डब्याचं उत्तर आम्हाला फार लांब सापडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं जेवू घालायचं ते कळावं म्हणून. त्यांचं वजन पाव हिश्शानं उतरलं, पण जास्त बिघडलं ते मन. दिवसरात्र डोक्यात अन्नच. ताटं चाटायची, स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायची, एकेक घास तासभर चघळायचा, बारीकसारीक गोष्टीवरून चिडायचं, एकटं बसायचं. पुढं पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांना बरेच महिने पोट भरल्यासारखं वाटेना. काहींना उलट आपलं पोट, मांड्या सुटल्यात असं वाटू लागलं.

हे वाचून दाखवलं तेव्हा पोरीची आई म्हणाली, "ही तर माझी पोरगी! मोबाइलवर दिवसभर पदार्थ कसे करायचे तेच बघत बसते, आणि खात काही नाही." आणि आजी म्हणाल्या, "तासभर चघळायचं, ते आम्ही पण करायचो." म्हणजे उपासमार दुष्काळानं लादलेली असो की आरशापुढं उभं राहून स्वतःच ओढवून घेतलेली, शरीराला त्यातला फरक कळत नाही. ते सारखंच घाबरतं. आजींचा डबा हा हट्ट नव्हे आणि पोरीचं चिडणं हा माज नव्हे. 'दोन दिवस जेवायला घालू नका' हा उपाय तर आगीत रॉकेल ओतण्यासारखा होता, हे आजींनी स्वतःच कबूल केलं.

कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, तालुका पालटला. ऊस, कांदा, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. पैसा आला तशी पांढरी पोळी, पांढरा भात आला आणि बाजरी, नाचणी 'गावंढळ' ठरली. पाहुणा आला की भाकरीची टोपली झाकायची, हे आम्हीही केलंय. पोरींनी ते पाहिलंय. मग २०२३ साल जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं आणि तीच नाचणी शहरात बिस्किटाच्या पुड्यात महाग झाली! उपासाचीही तीच गंमत. शेंगदाणा, बटाटा, रताळं, साबुदाण्याचा कंद, सगळं मूळचं मध्य-दक्षिण अमेरिकेकडचं. जुनं जुनं म्हणून आपण जे धरून बसतो, तेही कधीतरी नवंच होतं. मग बाईनं शेवटी जेवायची रीत तेवढी का बदलू नये?

कारण ती महागात पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. आमच्या गटात तपासणी झाली तेव्हा १२ च्या वर असलेल्या मोजक्याच होत्या, आणि त्यात दोघी चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या, ज्यांना आम्ही 'खाऊन-पिऊन सुखी' म्हणून चिडवायचो. उरलेल्यांत बारीकही होत्या आणि जाडही. बाईच्या अंगाकडं बघून तिच्या पोटात काय पडतं ते कळत नाही. आम्ही चिडवणं सोडलं. पोरीच्या वर्गात जे झालं तेच आम्ही एकमेकींना वर्षानुवर्षं करत होतो की.

पोरीला आशाताईंनी सरकारी दवाखान्यात नेलं. पाळी दोन महिने चुकली होती, चक्कर येत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, न रागावता बोलले आणि समुपदेशक ताईंकडं पाठवलं. तुमच्या घरात कुणी असं झपाट्यानं वाळत असेल, जेवण टाळत असेल, जेवून मुद्दाम ओकत असेल, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

गटात आता एक केलंय. बैठकीच्या दिवशी प्रत्येकीनं घरून भाकरी आणायची, आणि हिशेबाच्या आधी सगळ्यांनी एका वेळी बसून जेवायचं. वाढणारी कुणी नाही, मागून बसणारी कुणी नाही. कुणाच्या ताटावर आणि अंगावर बोलायचं नाही. पहिल्या दिवशी आजींना घास गिळेना; आधी बसायची लाज वाटते म्हणाल्या. पोरगीही येते. कधी चतकोर खाते, कधी नुसती बसते. आजी तिला काही म्हणत नाहीत, फक्त शेजारी बसतात. डबा अजून उशाखालीच असतो, पण त्यात आता सून संध्याकाळची ताजी भाकरी ठेवते.

तुमच्या गावात बहात्तरचं आठवणारी कुणी बाई असेल, तर तिला विचारा की तेव्हा ती शेवटी काय जेवायची, आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या खेपेला वाचू.